घरातील समुद्राला लाट हवी

गेल्या महिन्यात इंदूरहून एका वाचकभगिनीचे पत्र आले. त्यांच्या चिरंजीवांना खाऱ्या पाण्यातील जीवसृष्टी घरी पाळण्याचा नाद लागला आहे. नव्वद सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद आणि पन्नास उंच अशी काचेची टाकी दिवाणखान्यात मांडलेली आहे. तीत सुमारे २०० लिटर खारे पाणी, दोन लहान मासे, काही कृत्रिम खडक आणि चर्मप्रवाळ नावाचे एक मऊ प्रवाळ आहे. पाणी काचेसारखे स्वच्छ, दिवे उत्तम, खारेपणा मोजूनमापून राखलेला. असे असूनही ते प्रवाळ दोन आठवडे मिटून बसले. त्याच्यावर मेणचट पापुद्रा धरला आणि वर धूळ साचू लागली. दुकानदाराने मोठा पंप बसविण्याचा सल्ला दिला. तो बसविताच दुसऱ्या दिवशी तळाची सगळी वाळू एका कोपऱ्यात जमली, मासे खडकामागे दडून राहिले आणि प्रवाळाची एक बाजू खरवडल्यासारखी झाली. भगिनी शेवटी विचारतात, ‘पाणी संथ होते तेव्हा ते मिटले, पाण्याला जोर दिला तेव्हा सोलून निघाले. आता करावे तरी काय?’

प्रश्न एका घरचा असला, तरी त्याचे उत्तर अनेकांच्या उपयोगी पडेल. हल्ली हा छंद समुद्रापासून दूरच्या गावांतही पोहोचला आहे, आणि बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. पाण्याची स्वच्छता, खारेपणा आणि उजेड यांची काळजी आपण घेतो, परंतु पाण्याच्या हालचालीकडे केवळ शोभा म्हणून पाहतो. वस्तुतः प्रवाळाच्या दृष्टीने पाण्याची हालचाल म्हणजे श्वास आणि घास या दोन्ही गोष्टी होत.

मासा भूक लागली की अन्नाकडे जातो, गुदमरू लागला की पृष्ठभागाकडे येतो. प्रवाळ हा प्राणीच आहे, पण तो एका जागी खिळलेला. त्याला जे हवे ते पाण्याने आणून द्यावे लागते आणि जे नको ते पाण्यानेच वाहून न्यावे लागते. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कोणत्याही वस्तूवरून पाणी वाहत असले, तरी त्या वस्तूला अगदी चिकटून असलेला पाण्याचा पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. प्राणवायू, क्षार आणि टाकाऊ द्रव्ये यांना हा थर हळूहळू झिरपतच ओलांडावा लागतो. संथ पाण्यात हा थर जाड होतो, वाहत्या पाण्यात तो पातळ होतो.

याचा प्रत्यय आपणांस रोज येतो. दोरीवर वाळत घातलेले धोतर वारा पडलेला असेल, तर भर उन्हातही लवकर वाळत नाही, कारण कापडाला लागून दमट हवेचा थर बसलेला असतो. वाऱ्याची झुळूक तो थर उडवून लावते आणि धोतर चटकन वाळते. बशीतल्या चहावर आपण फुंकर घालतो तीही याच कारणासाठी. टाकीतील पाण्याची हालचाल म्हणजे प्रवाळावर घातलेली फुंकरच होय.

शिवाय पाण्यात प्राणवायूचा साठा मुळातच बेताचा असतो. पंचवीस अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. समुद्राच्या पाण्यात तो पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. पाणी तापले की तोही घटतो. रात्री दिवे मालवल्यावर टाकीतील सर्वच जीव प्राणवायू वापरतात आणि तयार कोणीच करीत नाही. अशा वेळी वरचे पाणी खाली आणि खालचे वर गेले नाही, तर तळाशी असलेल्या जीवांची कुचंबणा होते.

दिवसा याच्या उलट प्रकार घडतो. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवल वस्तीला असते. ते उजेडात अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. या क्रियेत प्राणवायू निर्माण होतो, आणि तो अंगातच साचून राहिला तर अन्न तयार करण्याचे कामच मंदावते. म्हणजे दिवा कितीही उत्तम असला, तरी पाणी हलत नसेल तर त्या उजेडाचे पुरते चीज होत नाही. झेनियासारखी काही मऊ प्रवाळे आपल्या इवल्या हातांची सतत उघडमीट करीत असतात. या उघडमिटीचे प्रयोजन काय, याचे कोडे पुष्कळ दिवस होते. तांबड्या समुद्रातील अशाच एका प्रवाळाचा अभ्यास करून इस्रायलमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की या हालचालीमुळे अंगाजवळचा जादा प्राणवायू वाहून जातो आणि शैवलाचे काम जोराने चालते. ज्याला चालता येत नाही, त्या प्राण्याने आपल्यापुरता प्रवाह स्वतःच निर्माण केलेला आहे.

निसर्गात हे नाते कसे असते, ते चार्ल्स डार्विन यांनी आपल्याच हिंदी महासागरात पाहिले होते. १८३६ च्या एप्रिल महिन्यात त्यांचे जहाज कीलिंग बेटांवर पोहोचले. तेथील प्रवाळ खडकाच्या बाहेरच्या कडेवर, जेथे महासागराच्या लाटा येऊन फुटतात, तेथेच प्रवाळांची वाढ सर्वांत जोमदार असल्याचे त्यांच्या नजरेस आले. १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवाळ खडकांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी हे नोंदविले आहे. आपल्या लक्षद्वीपची रचनाही पाहण्यासारखी आहे. तेथील खडकाच्या कड्याबाहेर खुल्या समुद्राचा मारा असतो आणि आत खारकच्छातील पाणी त्या मानाने शांत असते. दोन्हीकडे प्रवाळे असतात, पण जाती आणि आकार यांत फरक पडतो. काहींना खळखळाट मानवतो, काहींना मंद झोत. एकच माप सर्वांना लावता येत नाही.

लाटेचे वैशिष्ट्य असे, की तिचा जोर मोठा असूनही तो एकाच अंगाने अखंड लागत नाही. पाणी येते, थबकते, मागे जाते, खडकांवर आपटून भोवरे करते. प्रवाळ एकदा उजवीकडे झुकते, मग डावीकडे. त्याची प्रत्येक बाजू धुतली जाते आणि प्रत्येक बाजूला विसावाही मिळतो. याउलट पंपाच्या अरुंद तोंडातून येणारी धार एकाच ठिकाणी रात्रंदिवस आदळत राहते. इंदूरच्या टाकीत नेमके हेच झाले. पहिला पंप तासाला ८०० लिटर पाणी ढकलणारा होता, म्हणजे टाकीतील पाणी तासात चार वेळा फिरत होते. ते फारच कमी. दुसरा पंप ८००० लिटरचा, म्हणजे चाळीस पट, आणि त्याची सारी धार थेट प्रवाळावर. आकडा वाढला, पण लाट मिळाली नाही. मिळाला तो पाण्याचा पट्टा.

आता उपाय पाहू. मऊ प्रवाळांच्या टाकीत तासाला टाकीच्या दहा ते वीस पट पाणी हलावे, असा छंदिष्टांचा अनुभवाचा आडाखा आहे. खळखळाटात राहणाऱ्या कठीण प्रवाळांसाठी तीस-चाळीस पट किंवा त्याहूनही अधिक लागते. हे आडाखेच आहेत, नियम नव्हेत. दोनशे लिटरच्या या टाकीसाठी एका मोठ्या पंपाऐवजी प्रत्येकी २००० लिटरचे, रुंद तोंडाचे, आत लहान पंखा फिरणारे दोन पंप घ्यावेत. अशा पंपाचा झोत पसरट आणि मऊ असतो. ते टाकीच्या दोन आखूड भिंतींवर, पृष्ठभागापासून थोडे खाली, समोरासमोर बसवावेत. मात्र त्यांची तोंडे प्रवाळाकडे नकोत. किंचित वर व समोरच्या काचेच्या दिशेने वळवावीत. दोन्ही झोत मध्ये भेटले, की ते फुटून टाकीभर पसरतात, आणि पृष्ठभागावर उठणाऱ्या लहरींमुळे हवेतील प्राणवायू पाण्यात उतरतो. पंप हवा ओढू लागेल इतका वर मात्र नसावा.

शक्य असल्यास दोन्ही पंप सदासर्वकाळ सारख्याच जोराने चालवू नयेत. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी पालटते. त्याच धर्तीवर सहा तास डाव्या पंपाचा जोर अधिक आणि पुढचे सहा तास उजव्याचा, अशी योजना साध्या टायमरने करता येते. जोर आपोआप कमी-अधिक करणारे पंपही बाजारात मिळतात, पण प्रारंभी त्यांची आवश्यकता नाही.

खर्चाचा बाऊ वाटत असेल, तर मोठ्या मत्स्यालयांनी लाट कशी साधली ते पाहावे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर अ‍ॅडे यांनी प्रवाळ खडकाची लहान प्रतिकृती उभारली. तिच्यावर त्यांनी एक डोलची टांगली होती. पाणी भरता भरता तिचा तोल जाई, सारे पाणी एकदम टाकीत कोसळे आणि डोलची पुन्हा सरळ होऊन भरू लागे. हवाई बेटांवरील वाइकिकी मत्स्यालयात ब्रूस कार्लसन यांनी वक्रनलिकेचा उपयोग केला. वरच्या टाकीत पाणी सावकाश चढते. नळीच्या वाकणावर पोहोचले की सगळे एकदम खाली धावते, नळीत हवा शिरते आणि धार तुटते. सार्वजनिक मुतारीतील आपोआप रिकामी होणारी टाकी याच तत्त्वावर चालते. तात्पर्य, लाटेसाठी महागडे यंत्र अपरिहार्य नाही.

खडकांची मांडणी हाही पाण्याच्या वाटेचाच प्रश्न आहे. पुष्कळजण खडक मागच्या काचेला टेकवून भिंतीसारखे रचतात. मग त्यामागे पाणी साठून राहते, अन्नाचे कण व विष्ठा कुजते आणि काही महिन्यांत टाकीभर शेवाळ माजते. खडक काचेपासून चार बोटे दूर, कमानी राखून व पक्के बसवून रचावेत, म्हणजे पाण्याला मागून आणि खालून जाता येते. पाणी कोठे अडते ते कळण्यासाठी माशांचे खाणे बोटांनी अगदी बारीक करून त्याची चिमूटभर पूड सोडावी व कण कसे फिरतात ते पाहावे. फूटपट्टी काचेला लावून एखादा कण तीस सेंटिमीटर अंतर किती सेकंदांत कापतो हे मोजले, की वेगही कळतो. तीन सेकंद लागले तर वेग सेकंदाला दहा सेंटिमीटर. घरातील मुलांना हा प्रयोग अवश्य करू द्यावा.

परंतु अखेरचा निकाल आकड्यांनी नव्हे, तर त्या जिवांनीच द्यावयाचा असतो. प्रवाळाची बोटे बाहेर आलेली असून दोन्ही बाजूंना डोलत असतील, तर प्रवाह योग्य आहे. ती सदैव एकाच बाजूला वाकलेली असतील, एका अंगाचे मांस उडत असेल, वाळूत खड्डे पडून तळाची काच दिसत असेल, तर जोर जास्त आहे. अंगावर धूळ बसून राहत असेल, चिकटा जमत असेल, तर जोर कमी आहे. चर्मप्रवाळ अधूनमधून मिटून मेणासारखा पापुद्रा धरते. तो त्याच्या प्रकृतीचा भाग आहे. तो पापुद्रा निघून जाण्यासाठीच त्याला वाहते पाणी हवे असते. म्हणून ते मिटल्याबरोबर घाबरून औषधे ओतू नयेत. कोणताही बदल केल्यावर निदान चार-पाच दिवस वाट पाहावी.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. आपल्याकडे वीज जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. वीज गेली की पंप थांबतात, आणि उन्हाळ्यात भरगच्च टाकीतील मासे काही तासांतच गुदमरू लागतात. यासाठी बॅटरीवर चालणारा लहानसा हवेचा पंप घरात असावाच; घरी इन्व्हर्टर असेल, तर निदान एक पंप त्यावर जोडावा. काहीच जवळ नसेल, तर प्लॅस्टिकच्या मगने टाकीतील पाणी घेऊन ते वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीतच ओतावे, आणि दर काही मिनिटांनी हे करीत राहावे. त्यासाठी तांब्या मात्र घेऊ नये. तांबे खाऱ्या पाण्यात उतरते आणि प्रवाळ, खेकडे, गोगलगाई यांना ते विषासमान आहे.

ज्यांच्या टाकीखाली गाळणीची दुसरी टाकी असते, त्यांना वीज गेल्यावर दुसरा धोका संभवतो. पाणी वर नेणारी नळी वक्रनलिकेसारखी काम करू लागते आणि वरचे पाणी खाली उतरून दिवाणखान्यात पूर येतो. त्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरासे खाली एक बारीक छिद्र पाडावे, म्हणजे पातळी उतरताच नळीत हवा शिरून धार तुटेल. शिवाय खालच्या टाकीत तेवढे पाणी मावण्याइतकी जागा नेहमी रिकामी ठेवावी. विजेच्या तारा भिंतीवरील सॉकेटपेक्षा खाली लोंबतील अशा सोडाव्यात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता जमिनीवर पडेल. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा, आणि टाकीत हात घालण्यापूर्वी पंप बंद करावेत. दर दोन-तीन महिन्यांनी पंप काढून पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, की त्यावर धरलेले चुन्याचे थर सुटतात. नवा असताना योग्य जोर देणारा पंप वर्षभरात अर्धमेला होतो, तो बहुधा या थरांमुळेच.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. आपल्या समुद्रातील खडक बांधणारी दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांना २००१ सालापासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही संरक्षित आहेत. सहलीला गेलो असता मालवणच्या, रामेश्वरच्या किंवा अंदमानच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा, मग तो मेलेला का असेना, उचलून आणणे हा गुन्हा आहे. टाकीसाठी मानवनिर्मित खडकच वापरावेत. कोणताही प्राणी घेताना तो कोठून आला याची कागदपत्रे विक्रेत्याकडून मागून घ्यावीत आणि शंका असल्यास वनविभागाकडे चौकशी करावी. इंदूरच्या चिरंजीवांनी आपले चर्मप्रवाळ दुसऱ्या एका टाकीत वाढविलेल्या प्रवाळाच्या फांदीपासून, पावतीसह घेतले आहे. हा मार्ग चांगला.

या कायद्यामागे कारण आहे. पाणी प्रमाणाबाहेर तापले, की प्रवाळे अंगातील शैवल बाहेर टाकून पांढरी पडतात आणि ताप लांबला तर मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हा प्रसंग ओढवला. १९९८ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटांवरही तेच घडले. तेथील अनुभवाचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की जेथे पाणी चांगले वाहत होते, तेथील प्रवाळे अधिक प्रमाणात तगली. तापलेल्या समुद्राला पंखा लावणे आपल्या हाती नाही. परंतु घरच्या टाकीत चैत्र-वैशाखात प्रवाह थोडा वाढवून पृष्ठभागावर साध्या पंख्याचा वारा सोडला, तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरू शकते. जेवढे पाणी उडून जाईल, तेवढे शुद्ध गोडे पाणी रोज घालावे, कारण क्षार मागेच राहतात.

इंदूरच्या भगिनींना हे सारे पत्राने कळविले होते. हा मजकूर छापावयास देत असतानाच त्यांचे दुसरे पत्र आले. दोन लहान पंप बसविले, खडक पुढे ओढले, प्रवाळ धारेतून बाजूला घेतले. पाचव्या दिवशी सकाळी तो मेणचट पापुद्रा चिंधीसारखा सुटून तरंगत गेला आणि संध्याकाळपर्यंत प्रवाळाची निम्मी बोटे बाहेर आली. खरवडलेली बाजू अजून तशीच आहे. ती भरून येईल किंवा न येईल. तेवढा भाग वाळला तरी उरलेले प्रवाळ जगावयास हरकत नाही. मुलाने वीज गेल्यावर उपयोगी पडावा म्हणून टाकीजवळ एक प्लॅस्टिकचा मग टांगून ठेवला आहे आणि धाकट्या बहिणीस तो कसा वापरावा हे शिकविले आहे, असेही त्या लिहितात.

पुढील अंकात समुद्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांनी खारे पाणी घरी कसे तयार करावे आणि त्याचा खारेपणा कसा मोजावा, याचा विचार करू.